कडुबाला लागलेली लॉटरी

आवडाबाईचा गुडघा वाजला की कडुबा उठून बाहेर जायचा. ती पाटावरून उठताना, न्हाणीतून येताना, देवापुढं दिवा लावायला वाकताना तो वाळक्या काटकीसारखा कट्‌ करून वाजे, आणि हा लगेच चपला शोधायला लागे. कुठं निघालात, असं तिनं विचारलं तर उत्तर तयारच असे, "जरा पाय मोकळे करून येतो." पाय मोकळे होण्याची गरज खरं तर तिला होती. याचे पाय चांगले धडधाकट होते. याचं बिघडलं होतं ते दुसरीकडंच, आणि ते घरात सांगायची सोय नव्हती.

गोष्ट अशी, की बायकोच्या त्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बाजूला काढून ठेवलेले पैसे कडुबानं घालवले होते. दारूत नाही, पत्त्यात नाही, भलत्या नादात तर नाहीच नाही. फोनवर घालवले. दिवाळी झाल्यावर एका गोड आवाजाच्या माणसाला थोडे थोडे करत सगळे स्वतःच्या हातानं पाठवून दिले. आता होळी तोंडावर आली होती आणि ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती. एक कडुबा आणि दुसरा तो चोर.

पडेगावातल्या जुन्या माणसांना कडुबा निकम कोण ते सांगावं लागत नाही. महापालिकेत त्याची नोकरी पाणी सोडायची. खांद्यावर लोखंडाची लांब चावी, बुडाखाली सायकल, आणि रस्त्यातल्या खड्ड्यांत उतरून एका गल्लीचं पाणी बंद करायचं, दुसरीचं सोडायचं. आपल्या गावात नळाला पाणी रोज येत नाही, हे काही मी नव्यानं सांगायला नको. त्यामुळं ज्याच्या हातात चावी त्याचा भाव वधारलेला. कडुबाचा फोन दिवसभर वाजायचा. पोरीचं लग्न असलेला बाप फोन करायचा, पाहुणे आलेली बाई फोन करायची, नुसताच वैतागलेला मास्तर फोन करायचा. सगळ्यांचा प्रश्न एकच, "कडुबा, आज येणार का पाणी?" आणि कडुबाचं उत्तरही एकच, "बघू." कोणत्या गल्लीला आधी आणि कोणत्या गल्लीला नंतर, हे त्यानं कधी म्हणून कुणाला कळू दिलं नाही. कळलं असतं तर बायकांनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या असत्या.

गप्प राहायची ही कला त्याला नोकरीनं शिकवली नव्हती. ती त्याच्या मायनं शिकवली होती.

कडुबा मूळचा देवगाव रंगारीचा. त्याच्या आधीची मायची दोन लेकरं पाळण्यातच गेली. हा झाला तेव्हा तिनं कुणाच्या हातावर साखर ठेवली नाही, बारशाचा गाजावाजा केला नाही, आणि नाव ठेवलं कडुबा. कडू वस्तूला कोण तोंड लावतंय? मरणानंही तोंड वाकडं करून पुढं जावं, एवढाच त्या नावाचा हेतू. गालावर काजळाचा हा मोठा फराटा ओढल्याशिवाय ती त्याला उंबऱ्याबाहेर काढत नसे. कुणी म्हणालं, बाई, लेकरू मोठं गोजिरं आहे हं तुझं, की ही लगेच म्हणायची, कशाचं गोजिरं, नुसतं रडकं आहे मेलं. दिवेलागणीला त्याला जेवायला बोलवायची तेही असं, की निम्म्या गावाला ऐकू जावं, "ए कडुब्याऽऽ, कुठं उलथलास मेल्याऽऽ!" पण गाय व्याली, कापूस चांगला आला, पोरगा पास झाला, नोकरीचा कागद आला, की घरात सगळे चिडीचूप. वस्तू हातात पडेपर्यंत शब्द काढायचा नाही आणि पडल्यावरही लगेच काढायचा नाही. सांगितलं की दृष्ट लागते, हे तिनं पोराच्या अंगात भिनवलं होतं. पुढं ती पडेगावला लेकाकडं राहायला आली आणि आवडाबाईलाही तिनं तेच धडे दिले. आवडाबाईनं ते ऐकून घेतले आणि आपल्याला हवे तेवढेच घेतले. कडुबानं मात्र मुकाट सगळे गिळले.

मग तो निवृत्त झाला. साहेबानं शाल दिली, नारळ दिला. चावी दुसऱ्याच्या खांद्यावर गेली. सुरुवातीला लोक सवयीनं फोन करत राहिले, मग नव्या माणसाचा नंबर गल्ल्यागल्ल्यांत पोचला आणि कडुबाचा फोन मुका झाला. मुलगा सुदर्शन पुण्याला, त्याचा फोन आला तर रविवारी. एकटी समोरची सरूबाई तेवढी ओट्यावरून ओरडून विचारायची, "कडुबाभाऊ, आज येणार का हो पाणी?" कारण तिच्या डोक्यात पाणी म्हणजे कडुबा हे पक्कं बसलेलं. कडुबा म्हणायचा, "बघू." त्यालाही तेवढंच बरं वाटायचं. माणसाला कुणीतरी काहीतरी विचारावं, बाकी काय हवं असतं?

असल्या दिवसांत तो फोन आला.

"कडुबाजी निकम बोल रहे हैं?"

आयुष्यात कुणी त्याला जी लावलं नव्हतं. पलीकडचा माणूस हिंदीत, पण समजेल असं, सावकाश बोलत होता. म्हणाला, पेन्शनवाल्यांसाठी लकी ड्रॉ निघाला आहे, देशातून मोजकीच नावं आली आहेत, त्यांत तुमचं आहे, पंचवीस लाख लागले आहेत. तिकीट काढलं नाही तर लॉटरी लागली कशी, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. कडुबालाही पडला होता. तो काही बिनडोक नव्हता. त्यानं तसं विचारलंदेखील. त्यावर तो माणूस हसला, एक छान मोकळं हसू, आणि म्हणाला, "बाबा, जिनको पेन्शन है उनका नंबर अपने आप ड्रॉ में जाता है." मग आवाज खाली आणून म्हणाला, "एक बात का ध्यान रखना. पैसा खाते में आने तक किसी को बताना नहीं. घर में भी नहीं. नजर लग जाती है."

इथंच माझ्या कडुबाचा घात झाला. दुसऱ्या कुणाच्या कानात याच वाक्याला धोक्याची घंटा वाजली असती. कडुबाच्या कानात माय बोलली. त्याला वाटलं, माणूस घरंदाज दिसतो, चार चांगल्या गोष्टी शिकलेला आहे. तो तिथंच त्या आवाजाचा झाला.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. आधी फाइलचा खर्च. मग टॅक्स. मग दिल्लीच्या साहेबाची सही अडली. मग सही झाली पण नोटांच्या वाहतुकीचा विमा राहिला. दर वेळी कडुबा छावणीतल्या बँकेत जाई, ठेव मोडी, पैसे पाठवी. खिडकीतल्या बाईनं एकदा विचारलंही, काका, कुणाला पाठवताय एवढे? तर हा म्हणाला, सोयगावला भाचा आहे, घर बांधतोय. असा भाचा त्याला नव्हता. पण लाख मोलाची गोष्ट लपवायला मायनं खोटं बोलायची परवानगी दिलेली होती.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती कडुबानं स्वतःलाही धड सांगितली नव्हती. तो माणूस रोज सकाळी फोन करायचा. "बाबा, चाय पी? माताजी का घुटना कैसा है?" गुडघ्याचं यानंच त्याला सांगितलं होतं. पंचवीस लाख आले की आधी तिचे दोन्ही गुडघे करायचे, तेही चांगल्यातल्या चांगल्या दवाखान्यात, असं यानं सांगितल्यावर तो म्हणाला होता, "बाबा, आप जैसा आदमी नहीं देखा." कडुबा रोज सकाळी अंघोळ उरकून फोनजवळ बसायचा. महिनाभर त्याचे दिवस भरगच्च होते. मग एका सकाळी फोन आला नाही. यानं लावला तर बंद. त्या दिवशी लावला, दुसऱ्या दिवशी लावला, पुढं कितीतरी दिवस लावत राहिला. पैसे गेल्याचं कळायला त्याला वेळ लागला. आधी त्याला काळजी वाटली, की पोराला बरंबिरं नसेल काय.

कळलं तेव्हा त्याच्या पायांखालची जमीन सरकली. आवडाबाईला काय सांगायचं? नव्या वर्षात ऑपरेशन करायचं ठरलं होतं. तेव्हा यानं तिला दारात बसवून खोटंच सांगितलं, "डॉक्टर भेटले होते रस्त्यात. म्हणले, घाई नाय. वर्षभर तेल चोळा, मग बघू." त्या बिचारीनं विश्वास ठेवला. रोज रात्री जेवणं झाली की ती तिळाचं तेल कोमट करून गुडघ्याला चोळायची आणि म्हणायची, "बरं झालं बाई, कापाकापी टळली. पैसेबी ऱ्हायले." कडुबाला तेव्हा भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं. पण आपटलं असतं तर का आपटलं ते सांगावं लागलं असतं. तो चपला घालायचा.

पाय मोकळे करायला तो जायचा कुठं? युसूफकडं. युसूफ शेख त्याच्याच जोडीचा, पाणी सोडायच्या कामावर दोघांनी उमर काढली. एकानं खड्ड्यात उतरायचं, दुसऱ्यानं वरून टॉर्च धरायची. युसूफची बायको शमशाद आणि आवडाबाई यांचं तर असं सख्य, की एकीच्या घरात फोडणी पडली की दुसरीला ठसका लागायचा. कडुबा आणि युसूफ दौलताबाद रोडवरच्या चहाच्या टपरीवर रोज बसायचे. युसूफनं आयुष्यभर एकच हौस धरून ठेवली होती. शमशादला घेऊन मक्केला, उमऱ्याला जायचं. त्यासाठी त्यानं ठेव केली होती आणि पासपोर्टही काढून ठेवले होते. ते पासपोर्ट तो आल्यागेल्याला दाखवायचा, त्यातल्या शमशादच्या फोटोला हसायचा आणि तिच्या शिव्या खायचा.

होळीच्या आधी काही दिवस युसूफचं काहीतरी बदललं. फोन वाजला की तो चहा अर्धा टाकून उठायला लागला. टपरीमागच्या लिंबाखाली जाऊन, तोंडावर हात धरून बोलायचा. परत यायचा तेव्हा चेहरा उजळलेला. कुणाचा फोन रे, असं विचारलं तर म्हणायचा, "ऐसाच. रिश्तेदार है." एकदा त्यानं टपरीवरच्या सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले आणि का दिले ते सांगितलं नाही.

हे सगळं कडुबानं आतून पाहिलेलं होतं. ते उठून लांब जाणं, ते हसू आवरणं, विनाकारण उदार होणं. दुसऱ्या कुणाला काही कळलं नसतं. पण स्वतःचाच अंगरखा दुसऱ्याच्या अंगावर पाहिल्यावर माणूस ओळखणार नाही?

त्यानं आडून विषय काढून पाहिला. म्हणाला, "आजकाल फोनवर लई फसवतात म्हणे रे. लॉटरी लागली म्हणतात आन्‌ लुबाडतात."

युसूफनं बशीतला चहा फुर्र करून ओढला. "हावरट लोगां फसते, कडुबा. जिसको हाव नहीं उसको कौन फसाता?"

झालं. कडुबाच्या तोंडाला कुलूप लागलं. हावरट! तो हावरट होता? आयुष्यात कुणाची चहाचीही उधारी न ठेवलेला माणूस? त्याला राग आला, मग लाज वाटली, मग पुन्हा राग आला, आणि तो उठून घरी गेला. घरी गुडघा वाजला. तो परत बाहेर आला. युसूफच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेला आणि तिथून माघारी फिरला. पुढचे काही दिवस त्याचा हाच उद्योग. जेवताना घास हातात राही. टीव्ही चालू असे आणि याची नजर दाराकडं. आवडाबाई म्हणाली, "अहो, अंगात काय भवरा बसलाय का तुमच्या? एका जागी ढुंगण टेकत नाय." हा म्हणाला, उन्हाळा वाढलाय.

एक वाक्य बोलायचं होतं. गड्या, मला असाच फोन आला होता. बस. पण ते वाक्य युसूफला सांगितलं की शमशादला कळणार, आणि शमशादला कळलं की दिवे लागायच्या आत आवडाबाईला कळणार. तिच्या तेलानं माखलेल्या हाताची त्याला धास्ती वाटत होती. रागवेल याची तेवढी नाही. ती रडेल याची. म्हणून मित्र बुडताना दिसत होता आणि हा काठावरून येरझाऱ्या घालत होता. मला त्याचा राग येतो, पण तुमच्यामाझ्यापैकी कितीजणांनी त्या जागी निराळं केलं असतं, ते मी छातीठोक सांगू शकत नाही.

मग ती सकाळ आली. आवडाबाई शमशादशी फोनवर बोलत होती. बोलणं संपवून म्हणाली, "शमशादचा माणूस बँकेत गेलाय म्हणे, ठेव मोडायला. दुसरीकडं जास्त व्याज भेटतं, असं सांगून गेला. काहून हो, ते उमऱ्याचे पैसे ना?" आणि फोन फळीवर ठेवायला ती उठली. गुडघा कट्‌ करून वाजला.

कडुबानं चपला घातल्या. पण या वेळी तो पाय मोकळे करायला गेला नाही. पळाला. रस्त्यावर जी पहिली रिक्षा दिसली तिच्यात घुसला. छावणीच्या आधी गाड्यांची रांग लागली होती, रिक्षा मुंगीच्या पावलानं सरकत होती, आणि हा सारखा बाहेर डोकं काढून बघत होता. शेवटी त्यानं पैसे चुकते केले आणि उतरून चालायला लागला. घामानं सदरा पाठीला चिकटला. उशीर झाला असेल, ही एकच गोष्ट डोक्यात. आतापर्यंत झाला असेल उशीर.

झाला नव्हता. युसूफ बाकावर बसला होता, हातात टोकन, मांडीवर पासबुकाची पिशवी. इस्त्रीचा सदरा घातला होता आणि अत्तर लावलं होतं. पैसे पाठवायला अत्तर लावून येणारा माणूस पाहून कडुबाला रडूच कोसळायचं बाकी होतं.

"युसूफ, ऊठ. घरी चल."

"तू? तू इधर कायकू आया?"

"ते पैसे पाठवू नको."

युसूफचा चेहरा एकदम आवळला. "किसने बोला तेरेकू?"

"कुणी नाय बोललं. मला ठाऊकाय. लॉटरी लागली ना तुला? आन्‌ आता टॅक्स भरायचाय?"

बाकावरची माणसं वळून बघायला लागली. युसूफनं पिशवी छातीशी धरली आणि दबक्या आवाजात म्हणाला, "कडुबा, हात जोडता मैं. आता नको बोलू. काम होऊ दे. तेरी नजर लगेगी रे."

चाळीस वर्षांच्या दोस्तीत युसूफ असं कधी बोलला नव्हता. पण कडुबा हलला नाही. युसूफच्या शेजारी बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "माझी नजर कशी लागंल? मला लागली होती की लॉटरी. तुझ्या आधीच. कुणाला सांगू नको, नजर लागते, असंच म्हणला ना तुलाबी? हसतोबी तसाच ना, मोकळा? आवडाच्या गुडघ्याचे पैसे गेले, युसूफ. सगळे गेले."

युसूफ त्याच्याकडं बघतच राहिला. विश्वास ठेवायचा की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर वर-खाली होत होतं. "झूट," तो म्हणाला, पण त्यात जोर नव्हता.

तेवढ्यात युसूफचा फोन वाजला. त्यानं नंबर पाहिला, कडुबाकडं पाहिलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, फोन उचलून आवाज मोठा करून दोघांच्या मध्ये धरला.

"चाचाजी, हो गया क्या? चाय-वाय पी के निकले ना घर से?" आणि मागोमाग ते हसू.

खरं सांगायचं तर तो आवाज ऐकून कडुबाला आधी आनंद झाला. क्षणभरच, पण झाला. एवढे दिवस जो आवाज ऐकायला त्यानं बंद नंबर लावून लावून बोटं झिजवली होती, तो आवाज जिवंत होता, धडधाकट होता, हसत होता. मग त्याला कळलं की आपल्याला आनंद झालाय, आणि स्वतःची इतकी किळस त्याला जन्मात आली नव्हती. शिव्या त्याला पुष्कळ येत होत्या, खड्ड्यात उतरून काम करणाऱ्याला शिव्या शिकवाव्या लागत नाहीत. पण तोंडातून निघालं ते निराळंच.

"बेटा, मैं कडुबा बोलता. पडेगाव से. माताजी का घुटना अभी वैसाच है रे."

पलीकडं आवाज थांबला. हसू थांबलं. मग फोन कट झाला.

युसूफच्या टोकनाचा नंबर पुकारला गेला. तो उठला नाही. पुन्हा पुकारला गेला. तो फोनकडं बघत बसला होता. मग त्यानं टोकन चुरगाळून खिशात घातलं आणि कडुबाचा हात धरला, खड्ड्यातून वर ओढून घेताना धरायचा तसा, मनगटाच्या वर.

"मेरेकू बोलने का था ना, कडुबा."

"तू हावरट म्हणला होता."

युसूफनं मान खाली घातली. त्याचे डोळे भरून आले होते. मग युसूफ म्हणाला, "भाभीला माहितीये?"

"नाय."

"आज बोल. शमशाद विचारणार, ठेव का मोडली नाही. मला सांगावं लागंल. दोपहर तक चूप बैठता मैं. त्याच्यानंतर तुला माहितीये तिचं तोंड."

कडुबाला माहीत होतं. तो घरी निघाला.

आवडाबाई पाय पसरून गहू निवडत बसली होती. कडुबा तिच्यासमोर जमिनीवर बसला, आणि सांगितलं. फिरवून फिरवून नाही. बँकेतून घरापर्यंत चालत येताना त्याची फिरवायची ताकद संपली होती. फोन आला होता, पैसे गेले, डॉक्टर भेटलेच नव्हते, तेलाचं मी मनानंच सांगितलं.

तिचे हात सुपात थांबले. तो रडण्याची वाट बघत होता. ती रडली नाही.

"डॉक्टर भेटलेच नव्हते?"

"नाय."

"आन्‌ मी वेडी तेल चोळत बसले. टळलं म्हणून देवीला नारळ फोडून आले, एक एक पायरी बसत बसत चढून." तिनं सूप बाजूला सारलं, तसे गहू सांडले. "पैसे गेले ते गेले. चोरानं नेले. पण हे दुखणं तुम्ही ठेवलं माझ्या गुडघ्यात. मला सांगितलं असतं तर म्या दिवाळीपासून सुदर्शनच्या मागं लागले असते, भावाला बोलले असते, काहीतरी केलं असतं. काहून नाय सांगितलं?"

"लाज वाटली. आन्‌ माय म्हणायची..."

"मायचं नाव घेऊ नका!" आवडाबाई एवढ्यानं ओरडली की समोरच्या ओट्यावरची सरूबाई उभी राहिली. "सासूबाई चांगलं झाकायच्या. वाईट कधी झाकलं त्यांनी? तुमचं नाव काय ठेवलं? कडुबा. ते घरात कुजबुजायच्या का? निम्म्या गावाला ऐकू जाईल असं बोंबलायच्या. मरायला टेकल्या तरी आल्यागेल्याला सांगायच्या, माझं पोरगं कडू आहे, त्याच्याकडं बघू नका. अहो, वाईट ओरडून सांगायचं असतं, म्हणजे कुणाची वाईट नजर फिरकत नाय. तुम्ही निम्मंच शिकले."

कडुबाला ती हाक आठवली, गल्लीच्या टोकापर्यंत येणारी. लहानपणी त्या हाकेची त्याला किती शरम वाटायची. पोरं हसायची. आणि माय मुद्दाम आणखी मोठ्यानं ओरडायची.

आवडाबाई भिंतीला धरून उठली. गुडघा वाजला, रोजच्यापेक्षा मोठ्यानं. सवयीनं कडुबाही उठला आणि चपलांकडं वळला.

"जा," ती म्हणाली. आता तिचा आवाज फाटला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "जा भाईर. पण आज सांगून या. म्या सुदर्शनला फोन लावते, पोलिसांत कसं कळवायचं ते विचारते. तुम्ही गल्लीला सांगा. इथं निम्म्या घरांत पेन्शन येते."

तो उंबऱ्यात उभा राहिला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. सरूबाई ओट्यावरून टक लावून इकडंच बघत होती. घरात काय बिनसलं हे विचारायची तिची छाती झाली नाही, म्हणून तिनं जे नेहमी विचारायचं तेच विचारलं.

"कडुबाभाऊ, आज येणार का हो पाणी?"

बघू, हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला होता. तो त्यानं गिळला.

"पाण्याचं मला काय माहीत नाय, सरूबाई. इकडं या. शेजारच्या म्हाताऱ्यांनाबी हाक मारा, सगळ्यांना घेऊनच या." त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि गल्लीच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा ओरडला, "मला लॉटरी लागली होतीऽऽ!"